आदल्या सांजेला भिजवलेलं पीठ

लग्न होऊन मी वरवटला आले तेव्हा माझं वय चौतीस होतं आणि माझ्या नवऱ्याची मुलगी तिसरीत होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती. मी बुलढाण्याची. कोर्टासमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग करायचे. वडील लवकर गेले, मग आई आजारी पडली, तिचं करता करता लग्नाचं वय निघून गेलं असं लोक म्हणू लागले होते. आईही गेली आणि मग भावानं हे स्थळ आणलं. मुलगा वीज खात्यात लाइनमन, गावात थोडी शेती, पहिल्या बायकोची एक पोरगी. विहारात साधेपणानं लग्न लागलं. पांढरी साडी, वंदना, जेवण, आणि संध्याकाळच्या आत वरवट.

ती पोरगी लग्नात होती. तिच्या काकूचा पदर धरून उभी होती. तिच्या केसांना कोणीतरी फार घट्ट वेण्या घातल्या होत्या, त्यामुळे तिचे डोळे ताणल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, आधी हिच्या वेण्या सैल कराव्यात. पण तिनं मला हात लावू दिला नाही. रुसून नाही, रागानं नाही. मी जवळ गेले की ती एक पाऊल मागं सरायची, एवढंच.

ती त्रास देत नव्हती. मी ताट वाढलं की जेवायची, दप्तर भर म्हटलं की भरायची. मला ती काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली तर जवळ येऊन उभी राहायची, मी वळून बघेपर्यंत. काही सांगायचं असलं तर बापाला सांगायची, "त्यांना सांगा, वही संपली." त्यांना म्हणजे मला. आजूबाजूच्या बायका तिला म्हणत, "मम्मी म्हण ना वो पोरी, तुही मम्मीच हाये आता ते." मी त्यांना थांबवत असे. मम्मी कोणाला म्हणायचं ते तिला चांगलं माहीत होतं.

पावसाळा सरता सरता तिला ताप आला. दोन दिवस पोर नुसती पडून होती. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा मी तिच्या खाटेजवळ बसून विचारलं, "काय खाशील? खिचडी करू? शिरा करू?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "धिरडे."

"कोणते? बेसनाचे?"

"गोड."

तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मला इतका आनंद झाला की मी पळतच स्वयंपाकघरात गेले. गूळ पाण्यात विरघळवला, कणीक कालवली, वेलची कुटून टाकली. तव्यावर तेल सोडलं आणि वाटीनं पीठ ओतलं. पहिलं धिरडं तव्याला धरून बसलं. दुसरं फाटलं. तिसरं निघालं, पण भाकरीएवढं जाड. चौथं जरा बरं होतं. ते मी बशीत घालून वर तूप सोडलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

तिनं अर्धं खाल्लं. मग बशी हळूच बाजूला सारली.

"चांगलं नाही झालं?"

"चांगलं आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण असे नाही."

पुढचे कितीतरी रविवार मी धिरडी करत राहिले. पीठ पातळ करून बघितलं, घट्ट करून बघितलं. थोडा रवा घातला, थोडं तांदळाचं पीठ घातलं, दूध घातलं. तेलाचं बोट लावायला वांग्याचं देठ वापरलं की धिरडं सुटतं असं जावेनं सांगितलं, आणि ते खरंच सुटायला लागलं. आता माझी धिरडी चांगली होत होती. शेजारणी मागून खायच्या. नवरा मुकाट्यानं चार-पाच संपवायचा. पोर मात्र एक घास घ्यायची, जरा वेळ तो तोंडात धरायची, जणू काही ऐकू येतंय का बघतेय, आणि मान हलवायची.

मी एकदा नवऱ्याला विचारलं, "ती कशी करायची हो?"

"मले काय मालूम," तो म्हणाला. "मी निस्ता खात जाओ." आणि चप्पल घालून बाहेर गेला. तो बायकोबद्दल कधी बोलत नसे. घरात तिचा एक फोटो होता, त्याला तो रोज फूल वाहायचा, पण तिचं नाव काढलं की त्याला काहीतरी काम आठवायचं. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यासमोर अवघड वाटत असेल. मग लक्षात आलं, तो कोणासमोरच बोलत नाही.

त्याच्या मोबाइलमध्ये 'लोणार' म्हणून एक नंबर होता. तो पहिल्या बायकोच्या आईचा, हे मला माहीत होतं. लेक गेल्यापासून ती बाई या घरी आली नव्हती. आमच्या लग्नाआधी तिला विचारलं होतं, तेव्हा ती "करा" एवढंच म्हणाली. लग्नाला आली नाही. महिन्यातून एकदा ती नातीला फोन करायची, आणि पोर फोन घेऊन मागच्या अंगणात बकरीजवळ जाऊन बोलायची. मी त्या वेळी मुद्दाम भांडी घासायला घ्यायचे, म्हणजे ऐकत असल्यासारखं दिसू नये.

एके दुपारी मीच तो नंबर लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण पलीकडून "हॅलो, कोण?" आलं आणि मी सगळं विसरले.

"मी वरवटहून बोलते," मी म्हणाले.

"पोर बरी हाये ना?" ती एकदम घाबरली.

"बरी आहे. एकदम बरी आहे. शाळेत गेली." मग मी गडबडीनं बोलून टाकलं, "तुमची लेक गोड धिरडी कशी करायची ते विचारायचं होतं. पोरीला माझी आवडत नाहीत. मी खूप करून बघितली."

पलीकडून आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"हॅलो?"

"हाये मी," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बाई, असं फोनवर कसं सांगू? हातानं करायची गोष्ट हाये ती." मग ती म्हणाली, "मी येऊ का?"

लोणारहून वरवटला यायचं म्हणजे दिवस जातो. मेहकरला गाडी बदला, खामगावला बदला, पुढची गाडी वेळेवर मिळाली तर मिळाली. ती शनिवारी संध्याकाळी उतरली तेव्हा मी आणि पोर स्टँडवर उभ्या होतो. लहानशी, काटक बाई, पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी जड. पोर पळत जाऊन तिच्या पोटाला बिलगली. मी ते जड गाठोडं घेऊ लागले तर ती म्हणाली, "राहू दे, तवा हाये त्यात. तुह्या पायावर पडंल."

बिडाचा तवा. दोन गाड्या बदलून तिनं तो मांडीवर धरून आणला होता.

घरात पाऊल टाकताना ती उंबऱ्याशी क्षणभर थांबली. फोटोकडे बघितलं. मग तिनं चप्पल काढली, हातपाय धुतले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं उघडून बघू लागली. मी मागं उभी होते. डब्यांची जागा मी बदलली नव्हती, पहिलीनं लावले होते तसेच होते. ते तिला कळलं असावं. तिनं एक डबा हातात धरून ठेवला, झाकण लावलं, परत जागेवर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगलं ठेवलं घर."

रविवारी सकाळी तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की गॅसची शेगडी ओट्यावरून खाली घ्यायला लावली. "उभ्यानं मला सैपाक होत नाही, माय." आम्ही दोघी जमिनीवर समोरासमोर बसलो. पोर दारात बसली होती, गुडघ्यावर हनुवटी ठेवून.

"ज्वारीचं पीठ हाये का?"

"आहे."

"मूठभर घे. गव्हाचं दोन मुठी. निस्त्या गव्हाचं चिवट होतं. ज्वारीनं कशी जाळी पडती बघ." गूळ तिनं विरघळवून गाळून घेतला. मी मिठाची चिमूट उचलली तर तिनं माझा हात धरला. "कालपासून पाणी पिऊन राह्यले मी तुमच्याकडचं. मीठ त्यातच हाये." आमच्याकडचं बोअरचं पाणी मचूळच आहे, इथल्या लोकांना ते कळतही नाही. तिनं बडीशेप तव्यावर जरा परतून हातानं चुरडून टाकली. मग वाटीनं पीठ कडेनं ओतत मध्यापर्यंत आणलं, वाटीच्या बुडानं न पसरता, नुसतं वाहू दिलं. झाकण ठेवलं. कडा आपोआप सुटल्या तेव्हा सराट्यानं उलटलं. खालच्या बाजूला खरंच बारीक बारीक जाळी होती.

तिनं ते नातीच्या ताटात टाकलं. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

पोरीनं घास घेतला. चावला. आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी अपराध्यासारखं म्हणाली, "जवळ जवळ."

म्हातारीचा चेहरा उतरला. "अशीच करायची ती," ती मला म्हणाली. "मीच शिकवलं तिला. ह्याच तव्यावर." मग सराटा खाली ठेवून म्हणाली, "पण ते महेरचं झालं. इथं येऊन तिनं काय केलं, मला काय ठाऊक? लेक दुसऱ्या घरी गेली म्हणजे तिचा हात थोडा बदलतोच की."

माझ्या मनात आलं, आम्ही दोघी सारख्याच आहोत. तिला तिची लेक इथली माहीत नाही आणि मला तर कुठलीच माहीत नाही.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. कुठंतरी तार तुटली होती, दिवसभर खांबावर होता. सासूनं सकाळची दोन धिरडी त्याच्यासाठी झाकून ठेवली होती. त्यानं उभ्याउभ्याच एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि थांबला.

"ह्याच्यात ते आंबूस नाही," तो म्हणाला.

"काय आंबूस?" मी विचारलं.

त्यानं आमच्याकडे बघितलं. सासू, मी, पोर, तिघी त्याच्याकडे बघत होतो. आता त्याला बाहेर जायला काही निमित्त नव्हतं. तो खाली बसला.

"ते सांजेलेच भिजवून ठेवे पीठ," तो हळूहळू म्हणाला. "सकाळी वावरात जा लागे ना तिले, टाइम नसे. मंग सांजेले गंजात कालवून, वर ताट झाकून, त्या खिडकीत ठेवून दे. सकाळी त्याले बुडबुडे येत. मी म्हणो, अवं हे आंबलं, फेकून दे. तं म्हणे, खाऊन तं पहा."

तो एवढं बोलला आणि तसाच खिडकीकडे बघत राहिला. ताटातला तुकडा त्याच्या हातात होता. "खाऊन तं पहा, म्हणे," तो पुन्हा म्हणाला. मग उठून मोरीत गेला, आणि हात धुवायला त्याला फार वेळ लागला.

म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मह्याकडं ती आयत्या वेळीच भिजवायची. दमत असंल गं पोर इथं. म्हणून आदल्या दिवशी." मी तिच्याजवळ सरकले. कणकेचा डबा ओढला आणि म्हणाले, "भिजवूया?"

त्या सांजेला आम्ही गंजात पीठ कालवलं. पोरीनं ताट आणून झाकलं. खिडकी तिनंच उघडली.

सकाळी पिठाला बुडबुडे आले होते. वास गोड आणि किंचित आंबट. मी तवा तापवला, या वेळी म्हातारीनं मलाच करायला लावलं. ती बाजूला बसून फक्त "आता आच कमी कर", "आता झाक" एवढं म्हणत होती. पहिलंच धिरडं अलगद सुटलं, पातळ, तपकिरी, कडा कुरकुरीत. मी ते पोरीच्या ताटात वाढलं.

तिनं एक घास खाल्ला. चावायची थांबली. ताट खाली ठेवलं, उठली आणि मागच्या दारानं अंगणात गेली. बकरीजवळ जाऊन बसली आणि मोठ्यानं रडू लागली.

मी सराटा टाकून उठले. म्हातारीनं माझा हात पकडला. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पकड घट्ट होती.

"बस. रडू दे तिला. लेक गेली तव्हा ही पोर सगळ्यांच्या तोंडाकडं बघत फिरायची, रडली नाही. मला लई भ्या वाटायचं तिचं."

मी बसले. तव्यावरचं धिरडं जळालं, ते तसंच काढून ठेवलं. मला तेव्हा काय वाटलं ते आज सांगायला हरकत नाही. मला वाटलं होतं, ही चव एकदा जमली की पोर माझी होईल. आता चव जमली होती आणि पोर तिच्या आईकडे गेली होती. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. इतक्या महिन्यांत मी ज्या दारावर धडका देत होते ते माझं नव्हतंच, तिच्या आईचं होतं. ते उघडून दिलं, माझं काम झालं.

बऱ्याच वेळानं पोर आत आली. नाक लाल, गालावर बकरीचे केस. ती ताटाजवळ बसली आणि गार झालेलं धिरडं उचलून सगळं खाल्लं. अजून एक मागितलं. तेही खाल्लं. मग आजीला म्हणाली, "मम्मीसारखे झाले." आणि माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पण नेहमी नका करू हं."

"नाही करणार," मी म्हणाले. "तू सांगशील तेव्हाच."

ती थोडा वेळ ताटावरचा चुरा बोटानं टिपत बसली. मग म्हणाली, "तुमच्या घरी कसे करत होते?"

माझी आई बुलढाण्याला एका डॉक्टरांच्या घरी स्वयंपाक करायची. तिथं ती एक प्रकार शिकली होती. मैदा, दूध, साखर आणि अंडं. कागदासारखं पातळ पसरायचं, आणि आत साखर भुरभुरून, लिंबू पिळून गुंडाळी करायची. आम्ही त्याला 'सुरळी' म्हणायचो. परीक्षा संपली की आई करायची. ती गेल्यापासून मी ते केलं नव्हतं. खरं तर ते मला आठवलंही नव्हतं. दुसऱ्या बाईची धिरडी शिकण्याच्या नादात माझ्या आईची राहूनच गेली होती.

"अंडं घालून करत होते," मी म्हणाले.

"गोडात अंडं?" म्हातारीनं तोंड वाकडं केलं. पोर खुदकन हसली. ते हसू त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पोर शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी घेऊन आली, मी न सांगता. दप्तर टाकून स्वयंपाकघरात आली आणि आजीच्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, त्यांना सांग, दूध कमी आहे, अजून आणू का?"

मी तिथंच बसले होते. म्हातारी म्हणाली, "त्यांना म्हंजे कोणाला?"

पोर अंड्यांची पिशवी चाचपू लागली.

"इकडं ये. मी तुह्या मम्मीची कोण?"

"आई."

"आन ही बी मही लेकच हाये आता. मी लोणारहून कोणासाठी आले, तवा घेऊन? मंग मह्या दोन लेकी. एक तुही मम्मी. मंग दुसरी तुही कोण लागती?"

पोरीनं हिशेब केला. कपाळाला आठ्या घालून, गणित सोडवल्यासारखा. "मावशी?"

"मंग झालं तर."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. अंडं फेटलं, दूध-मैदा एक केला, गुठळ्या मोडल्या. पोर माझ्याशेजारी येऊन बसली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. बिडाच्या तव्यावर पातळ पीठ ओतून तवाच गोल फिरवायचा असतो, पण तो तवा इतका जड की माझं मनगट वळेना. तिनं दुसऱ्या बाजूनं फडक्यानं धरला. आम्ही दोघींनी मिळून तो फिरवला. पीठ वेडंवाकडं पसरलं, एका बाजूला शेपूट आल्यासारखं. मी ते बघून म्हातारीला काहीतरी सांगत होते, मागं वळून.

"मावशी, जळून राह्यलं!" पोर ओरडली.

मी वळले. सराटा घातला, उलटलं. खालची बाजू काळपट झाली होती. पोर तव्याकडेच बघत होती, तिचे कान लाल झाले होते. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, आणि तिनं हळूच डोळे मिटले.

"साखर दे," मी म्हणाले.

तिनं साखर भुरभुरली, जरा जास्तच. मी लिंबू पिळलं. तिनं ते गुंडाळलं आणि पहिला घास आजीच्या तोंडाजवळ नेला. आजीनं नाक धरून तोंड उघडलं. चावलं, गिळलं, थोडा विचार केला.

"अंड्याचा वास नाही येत," ती म्हणाली. "अजून एक कर."

चार दिवसांनी ती परत निघाली. मी म्हटलं, "तवा राहू द्या ना इथं, पोरीला आवडतो." तर ती म्हणाली, "आन मी घरी भाकरी कशावर भाजू?" आणि परत साडीच्या तुकड्यात बांधून घेतला. स्टँडवर गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत दोघी या. महेरी येत नाही का लेक?"

मी त्या हातावर डोकं टेकवलं. कंडक्टरनं बेल मारली तरी सोडवेना.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पोर बुलढाण्याला कॉलेजात शिकते, होस्टेलवर राहते. मला मूल झालं नाही. सुरुवातीला लोकांनी त्यावरून बोलून बघितलं, मग सोडून दिलं. ती मला मावशीच म्हणते. प्रवेशाच्या वेळी तिथल्या बाई म्हणाल्या, "मावशी आल्या आहेत? आई नाही आल्या?" तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मम्मी नाहीत माझ्या. मावशीनंच वाढवलं." मला तिचं उत्तर फार आवडलं. त्यात कोणाचीच जागा कोणी घेतलेली नव्हती.

आईच्या दिवशी, म्हणजे तिची आई गेली त्या दिवशी, आम्ही आदल्या सांजेला पीठ भिजवतो. सकाळी उठला की नवरा खिडकीतलं ताट उचलून बघतो, बुडबुडे आले का. आता तो बोलतो. अगदी लहान लहान गोष्टी सांगतो. ती सायकल शिकताना पडली होती, तिला पेरू फार आवडायचे, ती भांडण झालं की गाणं गुणगुणत बसायची. मी ऐकते. मला तिचा कधी मत्सर वाटला नाही असं म्हणणार नाही, पण आता ती मला ओळखीची वाटते. मोठी बहीण असते तशी.

उन्हाळ्यात मी आणि पोर लोणारला जातो. म्हातारी आता वाकली आहे, तिला कमी दिसतं, आणि तरी ती मला कामाला हात लावू देत नाही. गेल्या वर्षी गेले तेव्हा मी पोचल्या पोचल्या भांडी घासायला बसले, तर तिनं माझ्या हातातली घासणी काढून घेतली.

"तिथं करती ते पुरे झालं. महेरी आलीस ना? नीज जरा."

"झोप नाही येत, आई."

"पड तर खरं."

मी पडले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत शेणानं सारवलेली जमीन गार होती. कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा दुपार कलली होती. पंखा बंद होता, लाइट गेली असावी, आणि कोणीतरी माझ्या अंगावर ओला पंचा पसरून ठेवला होता. स्वयंपाकघरातून दोघींचा आवाज येत होता. म्हातारी विचारत होती, हे अंडं फोडायचं कसं, टरफल आत पडतं बाई सारखं. आणि पोर दबक्या आवाजात म्हणत होती, "हळू बोल आजी, मावशी झोपली आहे."

मी डोळे उघडले नाहीत. तशीच पडून राहिले.